गाडी, तंबू आणि कोकण : डिसेंबरात आठ दिवस कसे आखावेत?

चाकावरचा_पाय

मंडळी, नमस्कार. डिसेंबरच्या शेवटी सलग आठ दिवस सुट्टी मिळाली आहे. मी, बायको, मुलगी (१३) आणि मुलगा (९). पुण्याहून स्वतःच्या गाडीने निघायचं, हॉटेल अजिबात घ्यायचं नाही. चार जणांचा तंबू घेतलाय, घडीच्या खुर्च्या घेतल्यात, उणे पाच अंशांपर्यंत चालणाऱ्या स्लीपिंग बॅगा घेतल्यात.

कच्चा बेत असा : कर्नाळा, फणसाड, एखादा समुद्रकिनारा, चांदोली, दाजीपूर, मालवण, आंबोली आणि गोव्यातलं मोले. रोज एक जंगल, रोज एक रात्र, संध्याकाळी शेकोटी. कोकणातली सगळी राष्ट्रीय उद्यानं एका दमात.

प्रश्न दोनच. परवानग्या कुठे काढायच्या? आणि थंडीचे कपडे किती न्यायचे?

तिरफळ

उणे पाचची बॅग? कोकणात? त्यात पाण्याचा हबका मारून मोदक ठेवा, पहाटेपर्यंत उकडून निघतील.

कातळावरचा_फुरसा

बेत वाचून मौज वाटली, पण आधी पाया नीट घालू या. कोकणात राष्ट्रीय उद्यानं म्हणाल तर दोन. एक बोरिवलीचं संजय गांधी उद्यान, कारण ठाणे-मुंबई सरकारदरबारी कोकण विभागातच येतं. दुसरं चांदोली, तेही डोंगरमाथ्यावर सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सांध्यावर बसलेलं. ते २००४ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१० पासून कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. बाकी कर्नाळा, फणसाड, राधानगरी-दाजीपूर ही अभयारण्यं. आंबोली दोन्हींत बसत नाही.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. अभयारण्यात गावकऱ्यांचे काही हक्क, चराई वगैरे राहू शकते, राष्ट्रीय उद्यानात नाही. पण तुमच्यापुरतं बोलायचं तर दोन्हीकडे उत्तर एकच. स्वतःचा तंबू घेऊन आत जायचं, वाटेल तिथे ठोकायचा आणि शेकोटी पेटवायची, हे चालत नाही. रात्री राहायचं तर वनखात्याने ठरवून दिलेल्या जागी, नाहीतर बाहेरच्या गावात. कर्नाळ्याला तर रात्रीचा प्रश्नच नाही. सकाळी जा, पक्षी बघा, दुपारी बाहेर पडा.

चाकावरचा_पाय

म्हणजे बेत मुळातच आडवा झाला की. तंबू आता गच्चीवर लावायचा का?

मतलई_वारा

आडवा कशाला? पालथा करा, उभा राहील. जंगल दिवसा, तंबू रात्री. म्हणजे जंगलाच्या बाहेर, कुणाच्या तरी वाडीत मुक्काम आणि उजाडताना आत.

आम्ही गेल्या तीन हिवाळ्यांत असंच करतोय. फणसाड यासाठी उत्तम. मुरूड आणि रोह्याच्या मधे, जेमतेम ७० चौरस किलोमीटर, १९८६ चं अभयारण्य. पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं, म्हणून टिकलं. सुपेगावच्या फाटकातून आत शिरायचं, स्थानिक वाटाड्या घ्यायचा आणि पाणवठ्यापाशी गप्प बसायचं. मुलांना शेकरू दिसण्याची शक्यता बरीच. फक्त वर बघायची सवय लावा, सगळेजण जमिनीकडे बघत चालतात आणि ते डोक्यावरून निघून जातं. आम्ही गेलो तेव्हा सुपेगावला वनखात्याचे तयार तंबू होते. निघायच्या आधी फोन करून खात्री करा.

आणि एक रात्र नको, दोन घ्या. जंगलात पहिली सकाळ आवाज ओळखण्यात जाते.

निवांत_नाना

मुळात तंबू हवाच कशाला, हा माझा भाबडा प्रश्न. जागोजागी घरगुती सोय आहे, गरम पाणी आहे, ताटात सोलकढी आहे. वयाच्या पंचेचाळिशीत पाठीखाली खडा घेऊन झोपण्यात काय पुरुषार्थ?

चाकावरचा_पाय

नाना, पंचेचाळीस नाही हो, बेचाळीस. आणि मुलांना शब्द दिलाय.

गुहागरची_लेक

समुद्रकिनाऱ्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितेय. माहेर गुहागर, त्यामुळे जरा अधिकारानेच.

माझा मावसभाऊ आणि त्याचे पुण्यातले मित्र, सहा वर्षांपूर्वी. संध्याकाळी साडेपाचला किनाऱ्यावर पोचले. पाणी खूप आत, वाळू अशी सपाट, मऊ, सूर्यास्त समोर. तंबू ठोकले वाळूच्या मधोमध. गाडी पण खाली उतरवली, सामान उचलायला नको म्हणून. पौर्णिमा होती, चांदणं छान पडणार म्हणून मुद्दाम तोच दिवस निवडलेला! रात्री साडेअकराला एकाच्या पायाला गार लागलं. त्याला वाटलं बाटली सांडली. उठून बघतो तर समुद्र तंबूत. चपला गेल्या, एक पातेलं गेलं, गाडीची पुढची दोन चाकं वाळूत रुतली. गावातल्यांनी ट्रॅक्टर आणून पहाटे ओढून काढली. ट्रॅक्टरवाल्याने पैसे घेतले नाहीत, पण जे बोलला ते पैशांहून जड होतं.

माझे आजोबा घड्याळ न बघता भरती सांगायचे. तिथीची पाऊणपट करायची, येईल तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. तशीच दिवसा, तशीच रात्री, आणि साधारण सहा तासांनी ओहोटी. मावसभावाने तिथी मोजली असती तर साडेपाचला दिसतंय ती पुरी ओहोटी आहे, हे त्याला कळलं असतं. त्याच्या आजोबांचंही आजोळ गुहागरच बरं का!

तंबू लावायचा तर वाळूवर नाहीच. वाळलेल्या शेवाळाची, काटक्यांची जी सगळ्यात वरची रेघ असते तिच्याही वर, मर्यादवेलीच्या पलीकडे. आणि तिथेही कुणाची जागा आहे ते विचारून.

कातळावरचा_फुरसा

आजोबांचं गणित बरोबर आहे, फक्त ते मोटारीच्या घड्याळासारखं वापरू नका. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, पाऊणपट म्हणजे पंचेचाळीस मिनिटं, त्यामुळे थोडा फरक पडतो. गावागणिकही वेळ बदलते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. शिवाय अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, तेव्हा पाणी जास्त वर येतं आणि जास्त आत जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी. पहिल्यांदाच जाणाऱ्याने भांगाचे दिवस निवडावेत. चांदण्याच्या मोहात पडू नये.

तिरफळ

'भांगाचे दिवस निवडावेत' हे वाक्य वेगळं काढून कुणाला पाठवू नका, घरात गैरसमज होतील.

सुरूचं_बन

मी किनाऱ्यावरच राहतो, नावाने ओळखालच कसल्या झाडांत. थोडं कडू बोलतो.

३१ डिसेंबरच्या रात्री आमच्या बनात चाळीस तंबू असतात. सकाळी चाळीस तंबूंचा कचरा. फुटलेली बाटली वाळूत गेली की ती दिसत नाही, आमच्या पोरांच्या पायात दिसते. सुरूच्या खाली सुया साचलेल्या असतात, डिसेंबरात त्या कडकडीत वाळतात. एक ठिणगी पुरे. दोन वर्षांपूर्वी आम्ही रात्री दोन वाजता घागरी घेऊन धावलोय. पेटवणारे तोवर निघून गेले होते.

धागाकर्त्यांवर राग नाही, ते निदान विचारतायत. पण शेकोटी हवीच असेल तर ज्याच्या वाडीत उतराल त्याच्या अंगणात, तो सांगेल त्या जागी.

गुहागरची_लेक

सुरूचं_बन, +१. आणि पांढरे झगझगीत दिवे पण नकोत. डिसेंबर म्हणजे ऑलिव्ह रिडले कासविणी रात्री अंडी घालायला वर येण्याचा काळ. उजेड दिसला की त्या तशाच परत फिरतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ पासून घरटी राखली, तेव्हा कुठे आज लोक पिल्लं बघायला येतात.

चाकावरचा_पाय

अरेच्चा, मुलाला कासवाची पिल्लं दाखवीन म्हणून सांगून बसलोय!

मतलई_वारा

डिसेंबरात पिल्लं नाहीत. अंड्यांतून बाहेर यायला पन्नासेक दिवस लागतात, म्हणून वेळास-आंजर्ल्याचे कासव महोत्सव साधारण फेब्रुवारीनंतर. मुलाला खरं सांगा आणि पुढच्या खेपेचं आमंत्रण म्हणून ठेवा.

आता थंडी. किनाऱ्यावर थंडीपेक्षा दव त्रास देतं. पहिल्या वर्षी आम्ही 'पाऊस कुठे आहे' म्हणून तंबूचं वरचं आवरण लावलं नाही. पहाटे चारला असे भिजलो की आषाढ बरा. आवरण लावाच, पण दोन्हीकडच्या खिडक्या उघड्या ठेवा. नाहीतर चार माणसांच्या श्वासाचं पाणी आतून टपकतं. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात ना? रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तंबूचं दार समुद्राकडे ठेवलं तर पाठीवर वारा आणि तोंडासमोर लाटा.

वाळूत खुंट्या धरत नाहीत. पिशव्यांत वाळू भरून, दोरी बांधून हातभर खोल पुरायच्या. आणि माडाखाली झोपू नका. नारळाला दोन डोळे असतात, तो बघून पडतो, असं इकडे म्हणतात. मी त्यावर तंबू लावणार नाही.

स्लीपिंग बॅगा किनाऱ्यावर अंथरायला वापरा. दापोलीच्या पठारावर किंवा घाटमाथ्यावर गेलात तरच पांघराल.

पेणकर_पाटील

हिवाळा, शेकोटी, रायगड जिल्हा, आणि एवढ्या प्रतिसादांत पोपटीचं नाव नाही? लाज वाटली पाहिजे.

मडकं घ्या. तळाला भांबुर्ड्याचा पाला दाबून भरा. वर वालाच्या शेंगा, मीठ-ओवा चोळून. मधे अंडी, वाटण लावलेली कोंबडी केळीच्या पानात बांधून, कांदे, बटाटे. पुन्हा शेंगा, पुन्हा पाला, तोंड गच्च बंद. मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती गोवऱ्या, काटक्या, पेंढा लावून पेटवायचं. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. अर्ध्या-पाऊण तासात मडक्यावर पाणी शिंपडलं आणि चर्र करून उडालं की झालं.

निवांत_नाना

कोंबडी घातली की ती पोपटी राहात नाही. शेंगांचा वास मरतो. आमच्या अलिबागकडे जुने लोक शेंगा आणि फार तर अंडी घालत.

पेणकर_पाटील

नाना, जुन्या लोकांना कोंबडी परवडत नव्हती म्हणून घालत नसत. आवडत नव्हती म्हणून नव्हे.

निवांत_नाना

हे मान्य.

कोयनाकाठ

धागा पोपटीत जळायच्या आत घाटमाथ्याबद्दल लिहितो.

चांदोली आणि दाजीपूर नकाशात शेजारी वाटतात, पण एका सहलीत दोन्ही नको. किनाऱ्यावरून चांदोलीला जायचं तर रत्नागिरीहून साखरपा, आंबा घाट चढून मलकापूर आणि तिथून वारणावती. दाजीपूरला जायचं तर कणकवलीहून फोंडा घाट चढला की आलंच. दोन्ही घाट एकाच आठवड्यात मुलांना घेऊन चढउतार केलेत तर जंगलापेक्षा उलटीच्या पिशव्या जास्त आठवतील.

मी दाजीपूर सुचवेन. राधानगरी अभयारण्य १९५८ चं, राज्यातलं सगळ्यात जुनं, कोल्हापूरच्या महाराजांचं राखीव रान. गवे इथले राजे. पूर्ण वाढलेला नर टनाच्या आसपास भरतो आणि तरी झाडीत असा उभा राहतो की तुम्हाला वीस पावलांवरून दिसत नाही. चांदोलीत वाघ दिसेल म्हणून जाणारे खूप भेटतात. सह्याद्रीचं रान दाट आणि उताराचं, ताडोबासारखं उघडं नाही. इथे पावलांचा ठसा दिसला तरी दिवस सार्थकी लागला म्हणायचं.

फोंडा किंवा आंबोलीचा घाट अंधार पडल्यावर चढू नका. गवा वळणावर उभा असतो, दिवे बघून हलत नाही. हॉर्न वाजवू नका, दिवे मंद करून थांबा. त्याला घाई नसते, तुम्हालाही नसावी.

फेरीबोट

रस्त्याचं कुणी बोलेना. मुंबई-गोवा महामार्गाने गेलात तर कोकण काचेतून दिसतं. किनाऱ्याने जा आणि खाड्या बोटीने ओलांडा, गाडीसकट. उत्तरेकडून आगरदांडा ते दिघी, मग बागमांडला ते वेश्वी, मग दाभोळ ते धोपावे, मग तवसाळ ते जयगड. मुलांना जंगलापेक्षा हेच आवडेल, लिहून घ्या.

पण ताशी तीस किलोमीटरच्या वर हिशेब धरू नका, आणि शेवटची फेरी किती वाजता ते आदल्या दिवशी विचारा. दाभोळला शेवटची चुकली तर पलीकडचे दिवे डोळ्यांसमोर असतात आणि तिथे पोचायला खेड-चिपळूण फिरून जावं लागतं. माझं झालंय. बायको अजून मधूनमधून आठवण काढते, विशेषतः पाहुण्यांसमोर. पेट्रोलही मोठ्या गावात भरून घ्यायचं.

दोडामार्गी

मोलेकडे जाताना तिलारीच्या बाजूने रानात शिरायचा विचार असेल तर एक सावधगिरी. आमच्या तालुक्यात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडलेत. गोचिडीमुळे होतो, आणि त्याचा हंगाम साधारण हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत. घाबरायचं कारण नाही. पण पाचोळ्यात बसू-लोळू नका, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, विजारीचे पाय मोज्यांत खोचा, आणि परतल्यावर मुलांच्या काखा, मान, कानामागे बघा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्रात कळवा.

चाकावरचा_पाय

सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोने धागा वाचून कर्नाळा, चांदोली, आंबोली आणि मोले यांच्यावर लाल रेघ मारली. नवा बेत :

ताम्हिणीतून उतरून रोहा, सुपेगावात दोन रात्री. मग आगरदांडा-दिघी आणि बागमांडला-वेश्वी ओलांडून आंजर्ल्याला एक. दाभोळची बोट (दुपारी तीनच्या आत!), गुहागरला एक. तवसाळ-जयगड, आरे-वारे, रत्नागिरीवरून मालवणकडे एक. फोंडा घाट दिवसाउजेडी चढून दाजीपूरला दोन रात्री आणि कोल्हापूरमार्गे घरी. कसं वाटतंय?

फेरीबोट

गुहागर ते मालवण एका दिवसात मुलांना घेऊन जड आहे. पहाटेची बोट धरा. बाकी फक्कड.

तिरफळ

वहिनींना धागाकर्त्या करा.

मालवणी_मिरची

मालवणात तंबूसाठी खळा बघा. खळा म्हणजे घरापुढचं मोठं अंगण. भातं झाली की डिसेंबरात चोपून, शेणाने सारवून तुळतुळीत केलेलं असतं. सपाट, कोरडं, खडा नाही. विचारलंत तर बहुतेक लोक नाही म्हणत नाहीत, वर पेज पण देतील. आणि रात्री आसपास कुठे जत्रा आहे का विचारा. हे दिवस दशावताराचे. रात्रभर नाटक, खाजा-लाडवाची दुकानं. मग तंबूत झोपायची वेळच येत नाही.

निवांत_नाना

धागा वर काढतोय. जानेवारी संपत आला, धागाकर्ते समुद्रात वाहून गेले की गव्याबरोबर गेले?

चाकावरचा_पाय

आलो आलो. गाडीतली वाळू अजून निघते आहे.

फणसाडात शेकरू पहिल्या सकाळी नाही, दुसऱ्या सकाळी दिसलं, मुलीने आधी पाहिलं. आंजर्ल्याला मुलाने पंचांग मागून घेतलं आणि स्वतः पाऊणपट केली. भरती पंचवीस मिनिटं चुकली, तरी तो आता घरी सगळ्यांच्या वाढदिवसाची भरती सांगतो. दव खरंच आषाढासारखं. पाटील, भांबुर्डा सुपेगावात एका मावशींनी ओळखून दिला, नाहीतर मी भलताच पाला उपटत होतो. कोंबडी घातली. नाना, क्षमस्व.

दाजीपुरात दोन दिवस जीपमधून फिरलो, गवा नाही. ठसे, शेण, मोडलेल्या कारव्या, पण गवा नाही. दुसऱ्या संध्याकाळी मुक्कामाच्या घरामागे बायको कपडे वाळत घालत होती आणि शेताच्या बांधापलीकडे तीन उभे. ती पंधरा मिनिटं ओला टॉवेल हातात धरून उभी होती, आम्हाला हाकही मारली नाही. दाजीपूरची थंडी बोचरी निघाली, तेवढ्यापुरत्या त्या बॅगा पावन झाल्या.

आणि मालवण. एका आजींनी खळ्यात तंबू लावायला लगेच होकार दिला. मी खुंट्या आणि हातोडी काढली, पहिला घाव घातला, तशा आतून ओरडल्या, "रे झिला, खुटे खंय मारतंस? कालच सारवलेलो खळो तो!" मी दगडासारखा थिजलो. त्यांनी नातवाला हाक मारली, चार नारळाच्या पेंड्या आणल्या आणि तंबूच्या चारी दोऱ्या त्यांना बांधल्या. रात्रभर जागचा हलला नाही. सकाळी निघताना त्या एका घावाचं भोक मी बोटाने शेण घेऊन बुजवलं. आजी वाकून बघून म्हणाल्या, "जमला नाय तुका."

मालवणी_मिरची

भोक बुजवलंत म्हणजे पुढच्या वर्षी खळा मिळणार. पंचांग घेऊन या.